गुरे वळणारे कुत्रे : एका पिलाचे शिक्षण

अंगणात पाच-सहा वर्षांचे एक मूल धावत आहे आणि त्याच्या पाठोपाठ तीन महिन्यांचे, निळसर करड्या ठिपक्यांचे एक कुत्र्याचे पिलू. मूल जितके जोराने पळते, तितके पिलू अधिकच चेकाळते. अखेरीस ते मान खाली घालून पुढे झेपावते आणि मुलाची टाच दातांत धरते. मूल रडू लागते; घरातील माणसे पिलाला द्वाड ठरवून मोकळी होतात.

त्याच वेळी घरापासून काही अंतरावर, कुरणात, ह्याच जातीचे एक प्रौढ कुत्रे शेपन्नास गुरांच्या मागे चालत असते. एखादा बैल अडून बसला, तर ते मान खाली घालून पुढे झेपावते, त्याच्या मागल्या पायाला टाचेजवळ किंचित दात लावते आणि तत्क्षणी जमिनीशी सपाट होते. बैल मुकाट्याने चालू लागतो. धन्याच्या दृष्टीने हे कुत्रे एका कुशल गड्याच्या तोडीचे असते.

दोन्ही ठिकाणी कृती एकच आहे. अंगणात ती खोडी ठरली, कुरणात ती कसब ठरली. ह्या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्याचे नाव शिक्षण. हे शिक्षण कसे दिले जाते, ते कोणत्या सहजप्रवृत्तीवर उभे असते आणि ते फसले तर कुत्र्यावर, गुरांवर व माणसांवर काय ओढवते, ह्याचा विचार आपण ह्या पुस्तिकेत करू.

हॉल यांचे कुत्रे

आपण ज्या जातीचे उदाहरण घेतले आहे, ती ऑस्ट्रेलियात निर्माण झाली. तिला ‘ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग’ किंवा नुसते ‘हीलर’, म्हणजे टाचेला दात लावणारा, असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू साउथ वेल्स प्रांतात हॉल नावाच्या कुटुंबाची गुरांची विस्तीर्ण कुरणे होती. जॉर्ज हॉल हे १८०२ साली सहकुटुंब त्या वसाहतीत आले. त्यांचे पुत्र थॉमस हॉल हे हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यात डार्टब्रुक येथे राहत. कुरणे उत्तरेला दूरवर पसरलेली आणि बाजारपेठ सिडनीची. आगगाडी नव्हती. अर्धवट रानटी गुरांचे मोठमोठे कळप शेकडो किलोमीटर चालवत न्यावे लागत. इंग्लंडहून आणलेले कुत्रे तेथील उन्हात थकून जात.

हॉल यांनी इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यातून गुरे हाकणाऱ्यांचे कुत्रे आणवले आणि त्यांचा संकर माणसाळलेल्या डिंगोशी केला, असे ह्या जातीच्या इतिहासात सांगितले जाते. डिंगो हा ऑस्ट्रेलियातील रानकुत्रा. त्याचे पूर्वज तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या खंडात पोचले होते, म्हणून तेथील उष्ण व कोरड्या हवेला तो पूर्णपणे सरावलेला होता. ह्या संकरातून निपजलेले कुत्रे काटक, अबोल आणि चिवट होते. ‘हॉल यांचे हीलर’ ह्या नावाने ते ओळखले जात. १८७० साली थॉमस हॉल यांचे निधन झाले, आणि तोवर कुटुंबाच्या कुरणांपुरते राहिलेले हे कुत्रे बाहेरच्यांच्या हाती पडू लागले. पुढे रॉबर्ट कॅलेस्की यांनी ह्या जातीच्या लक्षणांचे वर्णन लिहून काढले. ते १९०३ साली प्रसिद्ध झाले.

ह्या कुत्र्याची खांद्यापाशी उंची सुमारे ४३ ते ५१ सेंटिमीटर आणि वजन साधारणपणे १५ ते २२ किलोग्रॅम असते. गाय किंवा बैल ह्याच्या वीसपटींहून जड. अर्थात, बळाच्या जोरावर हे कुत्रे गुरांना हलवीत नाही, हे उघड आहे. मग कशाच्या जोरावर?

अपुरी ठेवलेली शिकार

ह्याचे उत्तर कुत्र्याच्या पूर्वजाकडे, म्हणजे लांडग्याकडे, जाते. कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना पाळीव प्राणी होय. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी माणसांसोबत पुरलेल्या एका कुत्र्याचे अवशेष सापडले आहेत. इतक्या दीर्घ सहवासात माणसाने कुत्र्याच्या शरीराप्रमाणे त्याच्या वर्तनातही निवड करून पुष्कळ बदल घडवले.

लांडग्याची शिकार ही एकच क्रिया नसून ती क्रियांची साखळी असते. प्रथम तो सावजाकडे वळतो, मग त्यावर नजर रोखतो, मग अंग चोरून दबकत पुढे सरकतो, मग पाठलाग करतो, मग पकडतो, मग मारतो, आणि शेवटी फाडून खातो. कुत्र्यांच्या निरनिराळ्या जातींत ह्या साखळीच्या काही कड्या बळकट केलेल्या व काही दुबळ्या केलेल्या आढळतात. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कोली जातीत नजर रोखणे, दबकणे आणि पाठलाग ह्या कड्या अतिशय तीव्र आहेत. पकडणे व मारणे ह्या जवळजवळ निद्रिस्त आहेत. हीलर जातीत नजरेचे बळ कमी, पण पाठलाग आणि पकडण्याची कडी जागी ठेवलेली आहे. मात्र ती एका क्षणिक चाव्यापुरतीच. त्यापुढची साखळी तुटलेली असते, निदान तुटलेली असावयास हवी.

म्हणून गुरे वळणे ही अपुरी ठेवलेली शिकार आहे, असे म्हणता येईल. पिलाला पाठलाग शिकवावा लागत नाही. तो त्याच्या रक्तातच असतो. शिकवावे लागते ते थांबणे. प्रवृत्ती जन्मतः मिळते, तिला आवर घालण्याची शक्ती मात्र माणसाला घडवावी लागते. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

गुरांचे मन आणि गुरांची नजर

पिलाला शिकवू पाहणाऱ्याने आधी गुरांचा अभ्यास केला पाहिजे. गाय ही भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातली. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता तिला सभोवतालचे तीनशे अंशांहून अधिक क्षेत्र दिसते. बरोबर पाठीमागचा एक अरुंद पट्टा तेवढा तिला दिसत नाही. त्या आंधळ्या पट्ट्यातून कोणी अकस्मात जवळ आले, तर ती दचकते आणि लाथ झाडते.

प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. परका प्राणी त्या वर्तुळाच्या बाहेर असेल, तोवर जनावर त्याच्याकडे नुसते पाहत राहते. तो आत आला की ते दूर सरते. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हेडिगर यांनी ह्या ‘पलायन-अंतरा’चा शास्त्रीय विचार मांडला. पुढे अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या हाताळणीत त्याचा पद्धतशीर उपयोग करून दाखवला. रोज दूध देणाऱ्या गायीच्या बाबतीत हे अंतर शून्य असू शकते. ती धन्याला अंगाला हात लावू देते. डोंगराळ कुरणात माणसावाचून वाढलेल्या गुरांच्या बाबतीत ते तीस मीटरपर्यंतही जाते.

ह्याखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जनावराच्या खांद्यापाशी एक समतोल-बिंदू असतो. खांद्याच्या मागून दबाव आला तर ते पुढे चालते. खांद्याच्या पुढून आला तर ते थबकते किंवा मागे वळते. आपल्याकडील गुराखी मुलाला ही विद्या कोणी पुस्तकातून शिकवलेली नसते. पण सायंकाळी गावाकडे परतताना तो हातातली काठी घेऊन नेमका गायीच्या खांद्यामागे, थोडा बाजूला चालतो. वळवायचे असेल तेव्हा चार पावले पुढे जातो. कुत्र्याला जे शिकवायचे, ते हेच. वर्तुळाच्या कडेवर राहावे, हलवायचे असेल तेव्हा आत पाऊल टाकावे, जनावर हलले की लगेच दबाव काढून घ्यावा. दबाव निघून जाणे हेच जनावराचे बक्षीस होय. ज्या कुत्र्याला दबाव काढून घेता येत नाही, त्याच्यापुढे गुरे चालत नाहीत, ती उधळतात.

पहिले तीन महिने

ह्या जातीची पिले जन्मतः पांढरी असतात. केवळ डोक्यावर किंवा अंगावर एखादा गडद पट्टा असतो. ठिपके काही आठवड्यांनी उमटू लागतात. रंगाच्या ह्या वैशिष्ट्याशी एक दोषही निगडित आहे. ह्या जातीत आनुवंशिक बहिरेपणा आढळतो. पिलाच्या पाठीमागे टाळी वाजवून केलेली परीक्षा पुरेशी नसते, कारण जमिनीची कंपने पिलाला कळतात आणि एकाच कानाचा बहिरेपणा अशा परीक्षेत लपून जातो. कानात ध्वनी सोडून मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत्-लहरींची नोंद करणे, हीच खरी परीक्षा. एका कानाने बहिरा कुत्रा घरी सुखाने राहील. परंतु कुरणात आवाज कोणत्या दिशेने आला हे त्याला नीट समजणार नाही, आणि धन्याची ‘थांब’ ही हाक चुकली तर ती चूक जिवावर बेतू शकेल.

अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर ह्या शास्त्रज्ञांनी पिलांच्या वाढीचे अनेक वर्षे निरीक्षण केले. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनावर सर्वाधिक ठसे उमटवणारा असतो, असे त्यांना दिसून आले. ह्या काळात पिलू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांना ते आपले मानते. म्हणून ह्या आठवड्यांत पिलाला माणसे, मुले, वाहने, पाण्याचे डबके, लोखंडी फाटकाचा आवाज ह्या सर्वांची निर्भय ओळख करून द्यावी. गुरे त्याने कुंपणाबाहेरून पाहावीत, वास घ्यावा. पण त्यांच्यात मोकळे सोडू नये. गायीची एक लाथ ह्या वयात पिलाचा जबडा मोडू शकते. ती प्राणघातक ठरली नाही, तरी तिची दहशत पिलाच्या मनात कायमची घर करून राहण्याचा संभव असतो.

टाचेला चावण्याच्या खोडीचे काय करावे? मारू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. मुलांना एवढेच शिकवावे की, पिलाने टाच धरताच पळणे थांबवून स्तब्ध उभे राहावे. पळणारी वस्तू थांबली की खेळ संपतो. लगेच पिलाला चावण्यासारखी दुसरी वस्तू द्यावी. माणसाच्या अंगाला दात लावला की मौज बंद पडते, हा त्याच्या जीवनातील पहिला धडा.

दुसरा धडा नावाचा आणि परत येण्याचा. हाक मारताच येणे पिलाला सदैव लाभाचे वाटले पाहिजे. ज्या धन्याने एकदा जवळ बोलावून शिक्षा केली, त्याने आपल्या हाकेची किंमत आपणच घालवली, असे समजावे.

बक्षीस कोणते?

१८९८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती प्राणी पुन्हा करतो. ज्या कृतीचा परिणाम असुखद, ती हळूहळू सोडून देतो, असा नियम त्यांतून निघाला. कुत्र्याला शिकवण्याची प्रत्येक पद्धत अखेर ह्याच नियमावर येऊन ठेपते. मात्र एक अट अशी की, परिणाम कृतीच्या पाठोपाठ आला पाहिजे. उशिरा दिलेली शाबासकी किंवा शिक्षा नेमकी कोणत्या कृतीची, हे प्राण्याला कळत नाही.

घरच्या शिकवणुकीत बक्षीस म्हणून भाकरीचा तुकडा चालतो. कुरणात तो निरुपयोगी ठरतो. समोर गुरे असताना हीलर पिलू भाकरीकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण गुरे वळणे हेच त्याचे सर्वांत मोठे सुख असते. जाणता शिक्षक नेमका ह्याच गोष्टीचा उपयोग करतो. पिलू ऐकते तोवर काम चालू राहते. ऐकले नाही की शिक्षक पिलू आणि गुरे ह्यांच्या मध्ये येऊन उभा राहतो व काम थांबते. ‘थांब’ म्हटल्यावर पिलू थांबले, तर दोन क्षणांनी त्याला पुन्हा जाऊ द्यायचे. असे वारंवार घडले म्हणजे थांबणे हे कामाचा शेवट नसून काम मिळवण्याचे दार आहे, हे पिलाला उमगते. ज्या दिवशी हे उमगते, त्या दिवशी अर्धे शिक्षण झाले असे मानण्यास हरकत नाही.

कुरणातील पहिला दिवस

हा दिवस केव्हा यावा? वय मोजण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पिलाला गुरांपेक्षा अधिक वेगाने धावता यावे; दूर असतानाही ते हाकेसरशी थांबावे व परत यावे; आणि रागावले असता ते खचून जाणारे नसावे. बहुतेक पिलांत ह्या गोष्टी सहा महिने ते एक वर्ष ह्या दरम्यान जुळून येतात. हाडांची वाढ पूर्ण होण्यापूर्वी लांबचे श्रम देऊ नयेत.

पहिले धडे मोठ्या गुरांवर देत नाहीत. कुत्र्यांना सरावलेली, शांत अशी पाच-सहा मेंढरे किंवा मोठी वासरे निवडतात आणि त्यांना गोलाकार वाडग्यात ठेवतात. वाडगे गोल असावे. कोपरे असले की जनावरे कोपऱ्यात घुसतात आणि पिलाला मागून चावण्याचा मोह होतो. पिलाच्या गळपट्ट्याला एक हलकी लांब दोरी बांधून ती जमिनीवर लोळती ठेवतात. तिने ओढायचे नसते. वेळ पडल्यास पाय ठेवता यावा, एवढ्यापुरतीच ती असते.

पिलू आत सोडताच ते कळपाभोवती धावू लागते. शिक्षक कळपाच्या एका बाजूला उभा राहतो. घड्याळाच्या तबकडीची कल्पना करावी : कळप मध्यभागी, शिक्षक सहाच्या आकड्यावर, तर कुत्र्याची जागा बाराच्या आकड्यावर. शिक्षक सातावर सरकला तर कुत्र्याने एकावर जावे. ही समोरासमोरची जागा पुष्कळ पिले आपण होऊन शोधतात. कळप माणसाच्या दिशेने ठेवण्याची ओढ त्यांच्यात उपजतच असते. शिक्षक पाठीमागे चालू लागला की कळप त्याच्याकडे येतो आणि कुत्रे कळपाच्या मागे चालते. हीलरचा नैसर्गिक कल गुरांना पुढे हाकण्याकडे अधिक असतो, ही गोष्ट खरी. तरीही आरंभी गोळा करून आणणेच शिकवतात, कारण त्यात पिलू धन्याच्या नजरेसमोर राहते.

पिलू वेगाने आत घुसू लागले तर शिक्षक त्याच्या वाटेत काठी आडवी धरून त्याला बाहेरच्या वर्तुळावर ढकलतो. काठी मारण्यासाठी नसते; ती शिक्षकाचा लांब केलेला हात असते. पहिला धडा पाच ते दहा मिनिटांत संपवावा. पिलू थकण्यापूर्वी, आणि ते चांगले वागत असतानाच, त्याला ‘पुरे’ म्हणून बाहेर न्यावे. थकलेले पिलू आज्ञा विसरते, आणि विसरलेल्या आज्ञेची त्याला सवय लागते.

डावे, उजवे आणि शीळ

पिलू स्थिरपणे थांबू लागले म्हणजे दिशांची पाळी येते. ब्रिटनमध्ये व ऑस्ट्रेलियातही घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कळपाला वळसा घालण्यासाठी ‘कम बाय’ आणि उलट दिशेने जाण्यासाठी ‘अवे’ असे शब्द रूढ आहेत. कोणत्याही भाषेतील शब्द चालतील. मात्र ते उच्चाराने एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे असावेत. शब्द शिकवण्याची रीत फार सोपी आहे. पिलू डावीकडून वळसा घालू लागले की त्याच क्षणी तो शब्द उच्चारायचा. कृती आधी येते, शब्द मागून तिला येऊन चिकटतो. काही दिवसांनी शब्द पुढे येतो आणि कृती त्याच्यामागून.

लांबच्या अंतरावर शब्दांऐवजी शीळ वापरतात. अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया मॅक्कॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांचे प्राण्यांना उद्देशून काढलेले आवाज अभ्यासले. जलद हालचाल हवी असेल तेव्हा लोक आखूड, पुनःपुन्हा येणारे स्वर काढतात आणि थांबवायचे असेल तेव्हा एकच लांबवलेला स्वर काढतात, असे त्यांस आढळले. पिलांवरील प्रयोगांतही आखूड व पुनरावृत्त स्वरांनी हालचाल अधिक वाढलेली दिसली. आपला गाडीवान बैलांना हाकताना आणि थांबवताना कोणते आवाज काढतो, ते वाचकांनी अवश्य ऐकून पाहावे.

दाताचा उपयोग

आता सर्वांत नाजूक भाग. गुरे मेंढरांसारखी नसतात. एखादी गाय कुत्र्याकडे तोंड करून उभी राहते व शिंगे रोखते. अशा वेळी ज्या कुत्र्यापाशी दात नाही, त्याची गुरांना भीती राहत नाही. ज्याच्यापाशी केवळ दातच आहे, तो गुरांना जखमी करतो.

चांगला हीलर मागल्या पायाला खुराच्या थोडे वर, अगदी खालच्या भागात, दात लावतो. तोही ज्या पायावर त्या क्षणी जनावराचा भार असतो, त्या पायाला. भार असलेला पाय तत्काळ उचलता येत नाही. तो उचलून लाथ झाडेपर्यंत जो अर्धा क्षण मिळतो, तेवढ्यात कुत्रे जमिनीशी सपाट झालेले असते आणि लाथ त्याच्या डोक्यावरून निघून जाते. गायीची लाथ केवळ मागे जात नाही. ती पुढून बाजूला अशी कमानीसारखी फिरते. म्हणून बाजूला पळणाऱ्या कुत्र्यापेक्षा खाली दबणारे कुत्रे अधिक सुरक्षित असते. हे खाली दबणे पुष्कळशा हीलर पिलांत उपजत असते, पण सर्वांत नसते. ज्या पिलात ते दिसत नाही, त्याला मोठ्या गुरांवर नेण्याची घाई करू नये.

शेपटीला लोंबकळणे, पोटाला किंवा सडाला चावणे, आधीच चालत असलेल्या जनावराला चावणे, हे दोष होत. ते दिसताच काम थांबवावे. नुकत्याच व्यालेल्या गायीवर तर कोवळे कुत्रे कधीही सोडू नये. वासराच्या आईला ते कुत्रे दिसत नसून लांडगा दिसत असतो. ती पळत नाही, चाल करून येते. आणि घाबरलेले कुत्रे आश्रयासाठी धन्याकडे धावते, तेव्हा गाय त्याच्यामागून धन्याच्याच अंगावर येते. अशा प्रसंगांत माणसांनी प्राण गमावले आहेत.

घाईची किंमत

पिलाचे शिक्षण बिघडले म्हणजे केवळ एक कुत्रे वाया जाते, असे नाही. उधळलेली गुरे कुंपणावर आदळतात, पाय मोडून घेतात. भ्यालेल्या गायीच्या रक्तात ॲड्रेनॅलिन हे द्रव्य वाढते आणि सडात दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कार्यात अडथळा येतो. गाय पान्हा चोरते. धाकात वावरणाऱ्या जनावरांचे चरणे कमी होते, वजन घटते. आणि एकदा कुत्र्याच्या भीतीने बिथरलेला कळप पुढे उत्तम कुत्र्यासमोरही शांतपणे चालेनासा होतो.

उलटपक्षी, नीट शिकवलेल्या कुत्र्याचे मोल किती? सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील आठशेहून अधिक कुत्रेमालकांकडून माहिती गोळा केली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा कुत्र्याच्या संपूर्ण सेवाकाळात त्याच्यावर होणाऱ्या खर्चाच्या सुमारे पाचपट मोलाचे काम ते करते, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी युरोपातील काही संशोधकांनी आणखी एक मनोरंजक गोष्ट दाखवून दिली. मेंढ्या आणि कुत्रा ह्यांच्या अंगावर स्थान सांगणारी उपकरणे बांधून त्यांनी हालचालींची नोंद केली. कुत्र्याचे वर्तन दोनच नियमांनी समजावून देता येते, असे त्यांस दिसले : कळप विस्कळीत असेल तर फुटलेल्यांना आत आणावे, कळप एकत्र असेल तर मागून पुढे हाकावे. जे कौशल्य पाहून आपण थक्क होतो, त्याच्या मुळाशी इतके साधे नियम असू शकतात.

राखणारे आणि वळणारे

आपल्या देशात कळपांबरोबर कुत्रे नाहीत असे नाही. दख्खनच्या माळावर मेंढरांचे कळप घेऊन हिंडणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर कुत्रे असतात. हिमाचल प्रदेशातील गद्दी आणि जम्मू-काश्मीरमधील बकरवाल मेंढपाळही मोठे कुत्रे पाळतात. परंतु त्यांचे काम निराळे. ते कळपाला लांडग्यापासून, बिबट्यापासून व चोरांपासून राखतात. राखणाऱ्या कुत्र्याने मेंढराच्या मागे धावणे हा दोष, तर वळणाऱ्या कुत्र्याने न धावणे हा दोष. राखणारे पिलू लहानपणापासून मेंढरांत वाढते आणि त्यांना आपली भावंडे मानते. वळणाऱ्या पिलाने मात्र माणसाला आपले मानून गुरांकडे कामाची वस्तू म्हणून पाहावे लागते. गुरे वळण्याचे काम आपल्याकडे प्राचीन काळापासून गुराखी स्वतःच करीत आला आहे. एकाच प्राण्यातून, पाठलागाची कडी दुबळी करून रक्षक आणि ती बळकट करून वळणारा, असे दोन सहायक माणसाने घडवले, हे निवडीचे सामर्थ्य होय.

ह्यातून एक व्यावहारिक बोधही निघतो. हीलर किंवा कोली जातीचे पिलू केवळ दिसण्यावर भाळून शहरातील बंद घरात आणणे म्हणजे त्या पिलावर अन्याय करणे होय. शेकडो मैल चालण्यासाठी घडवलेल्या प्रवृत्तीला काम मिळाले नाही, तर ती सायकलींच्या चाकांवर आणि मुलांच्या टाचांवर आपले काम शोधते. मग दोष पिलाच्या माथी मारला जातो.

निरीक्षणासाठी

ज्या शाळांच्या आसपास गुरे आहेत, तेथील विद्यार्थ्यांनी कुत्र्यावाचूनही ह्या विषयाचा अभ्यास करावा. गुरे परतण्याच्या वेळी वाटेच्या कडेला, शिक्षक किंवा गुराखी ह्यांच्या समवेत, सुरक्षित अंतरावर उभे राहावे. गुराखी कोणत्या जागी चालतो? तो पुढे सरकला की कोणते जनावर आधी वळते? कळपातील कोणती गाय माणसाला जवळ येऊ देते आणि कोणती दुरूनच बाजूला होते? पावलांनी अंतरे मोजून वहीत टिपून ठेवावीत. पंधरा दिवसांत प्रत्येक गायीचे वर्तुळ वेगळे आहे, हे आपोआप ध्यानात येईल.

आणि त्या अंगणातल्या पिलाचे काय होते? नीट शिकवले तर दीड-दोन वर्षांनी ते एका सकाळी फाटकाशी बसलेले असते. समोरून गुरे चाललेली असतात. त्याचे कान टवकारलेले, अंग ताणलेले, नजर एका अडेल बैलाच्या टाचेवर खिळलेली असते. परंतु शीळ झालेली नसते, म्हणून ते हलत नाही. धावण्याची सारी शक्ती अंगात असूनही आज्ञेवाचून न धावणे, हेच त्याच्या शिक्षणाचे फळ. पुढे शीळ होते, आणि ते उठते.